चार लाल बोटं

माझा थोरला, निझार, याला एक खोड आहे. काम चांगलं झालं की ‘मी केलं’. काम बिघडलं की ‘तिने केलं’. लहानपणी ही ‘ती’ म्हणजे त्याची धाकटी बहीण होती, लग्न झाल्यावर बायको झाली. तोंड तेच, बोट दाखवायची दिशा तेवढी बदलली. आणि मी त्याची आई, सगळं ऐकून पोटात घालत आले. मन मोठं म्हणून नाही. मुलगा आहे म्हणून. दुसऱ्या कुणाचा असता तर मी त्याला कधीच दाराबाहेर उभा केला असता.

गेल्या शुक्रवारी मात्र पोटात जागा उरली नाही.

आमच्या स्फाक्स शहरात, गाबेसला जाणाऱ्या रस्त्यावर, चौथ्या किलोमीटरला आमचं वर्कशॉप आहे. माझ्या नवऱ्याने, हमादीने, एका लेथवर सुरू केलेलं. काम एकच: तेलाच्या घाण्यांचे स्क्रू दुरुस्त करायचे. ऑलिव्हचा लगदा पुढे ढकलणारा हा स्क्रू माणसाहून लांब असतो आणि त्याच्या अंगाभोवती लोखंडी पातं गोल गोल फिरत गेलेलं असतं. बियांची कच त्या पात्याला घासून घासून खाते. दोन-तीन हंगामांत पात्याची कड शेळीच्या कानासारखी पातळ होते. मग तो स्क्रू आमच्या दारात येतो आणि आम्ही त्यावर कडक धातूचा नवा थर चढवतो.

हमादी ज्योतीने थर चढवायचा. थर पक्का बसायचा, पण त्या आचेने स्क्रू वाकायचा, आणि वाकलेले स्क्रू सरळ करता करता हमादीची कंबर वाकली. तो गेल्यावर पाच वर्षांपूर्वी लेसर आलं, ते एम्नाच्या हट्टाने. एम्ना म्हणजे निझारची बायको. महरेस बंदरातल्या मासेमाराची मुलगी, सूस शहरात जाऊन धातूंचं शिकलेली. मी विरोध केला होता. काळ्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून कुठे लोखंडाचं काम होतं का, म्हटलं. मग तिने मला काळा चष्मा घालून खिडकीशी उभं केलं. स्क्रू हळूहळू फिरत होता, मसुराएवढा उजेडाचा ठिपका पात्यावर पडत होता आणि बरोबर त्या ठिपक्यातच धातूची भुकटी फुंकली जात होती. भुकटी वितळली, बसली, थिजली. चार बोटं पलीकडच्या लोखंडाला पत्ताही लागला नाही. बाहेर काढलेला स्क्रू मी डोळा लावून पाहिला. सरळ. एका केसानेही वाकलेला नव्हता. घरी जाऊन हमादीच्या फोटोसमोर थोडी रडले, एवढंच.

पण या लेसरचे नखरे फार. ज्योत मळ जाळून टाकायची, याला मळ चालतच नाही. स्क्रूने वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं असतं, ते लोखंडाच्या बारीक भेगांत मुरतं. म्हणून एम्ना आधी त्याला भट्टीत तापवून तेल घामासारखं बाहेर काढते, वाळूचा मारा करते, धुते, पांढऱ्या फडक्याने पुसते. फडकं पांढरं राहिलं तरच पुढचं काम. त्यानंतर हातमोज्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही. एकदा मी लावायला गेले तर तिने माझा हात हवेतच धरला. मला ती लल्ला म्हणते, बाईसाहेब म्हणावं तसं.

“माफ करा लल्ला, पण तुमच्या बोटांना न्याहारीचं तेल आहे.”

“तुझ्या सासऱ्याने तीस वर्षं उघड्या हातांनी काम केलंय.”

“त्यांची ज्योत होती लल्ला. या उजेडाखाली तेल आलं की त्याची वाफ होते, वाफ थरात अडकते आणि आत फोड राहतात. वरून दिसत नाहीत. घाण्यात गेल्यावर फुटतात.”

मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. पण हातही परत लावला नाही.

तेलाचा माझा हात लागतो तो शेवटी. दाराजवळच्या कोनाड्यात मातीचा एक छोटा बुधला असतो, त्यात दर वर्षीच्या पहिल्या घाण्याचं तेल. काम पुरं झालेला स्क्रू गाडीत चढताना मी अंगठा बुडवून त्याच्या टोकाला लावते, बिस्मिल्लाह म्हणते. हमादीच्या वेळेपासून. निघताना, काम संपल्यावर. येताना नाही आणि मधेच तर नाहीच. हे आमच्याकडच्या मांजरालाही माहीत आहे.

तर या नोव्हेंबरात अगारेब गावचा घाणेवाला हाज तिजानी त्याचा स्क्रू घेऊन आला. हंगाम तोंडावर आलेला, त्याला घाई. एम्नाने शनिवारी स्क्रू साफ केला, यंत्राच्या जबड्यात बसवला, कागद गुंडाळला. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सोमवारी सकाळी थर देते. तोवर कुणी शिवू नका.” रविवारी महरेसला तिच्या बहिणीचा साखरपुडा होता. मीही त्या दिवशी वर्कशॉपात नव्हते.

सोमवारी सकाळी येते तर स्क्रू तयार. चकचकीत. हाज तिजानी पिकअप घेऊन हजर आणि निझार त्याच्यापुढे छाती काढून उभा.

“रविवार असून घाम गाळला, हाज. या दोन हातांनी केलं.”

त्याच्या ‘मी केलं’चा अर्थ आमच्याकडे ‘एम्नाने केलं’ असाच घेतात. हाजही तसाच घेतो, हसतो आणि सोडून देतो. मला वाटलं, सोमवार म्हणाली तरी शनिवारीच हिने उरकलं असेल. एवढ्यात एम्ना आली. स्क्रूकडे पाहून थबकली. निझारला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी विचारू लागली. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं.

“निदान लाल रंग मारून आत फोड आहेत का ते बघू दे.”

“गाडी उभी आहे. तुला दर वेळी काहीतरी खुसपट काढायचंच असतं.”

मलाही वाटलं, खुसपटच. मी बुधल्यात अंगठा बुडवला, स्क्रूच्या टोकाला लावला. गाडी गेली.

आठ दिवसांनी, मंगळवारी, तीच गाडी परत आली. मी दाराशी कॉफी घेत बसले होते. हाज तिजानी सलाम न करता आत आला आणि माझ्या कपाशेजारी एक खपली आपटली. धातूची, अर्ध्या तळहाताएवढी.

“घ्या, लल्ला शाडलिया. तुमचं काम माझ्या लगद्यात सापडलं.”

“काय झालं, हाज?”

“काय व्हायचं राहिलं ते विचारा! स्क्रू असा थरथरायला लागला की अख्खा घाणा नाचत होता. बायकांना वाटलं, कुणाचं लग्न निघालं. अंगणात ऑलिव्हचे ढीग पडलेत आणि तापायला लागलेत. आत हात घालून बघा, चटका बसतो. त्यातून तेल निघेल ते फक्त बिजागऱ्यांना घालायचं! लोकांना काय तोंड दाखवू मी?”

मी आधी खमैसला हाक मारली. खमैस आमचा सगळ्यात जुना कारागीर, हमादीबरोबर काम केलेला. मागच्या खोलीत हमादीच्या हातचा एक जादा स्क्रू जपून ठेवला होता, बिघडलेला उतरवून तो हाजच्या गाडीत चढवायला सांगितला. घाणा थांबता कामा नये. मग मी निझारकडे वळले.

त्याने वेळ लावला नाही. “हाज, यंत्र ती चालवते, सगळ्या स्फाक्सला माहीत आहे. शनिवारी घाईत उरकलं तिने. बहिणीचा साखरपुडा होता, डोकं मेंदीत होतं.”

एम्ना काळ्या खोलीतून बाहेर आली होती. चष्मा कपाळावर, हातात हातमोजे.

“शनिवारी मी स्क्रू फक्त बसवून गेले. थर मी दिलेला नाही.”

“मग कुणी दिला? जिन आले होते?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. ती त्याला बोलायला जागा करून देत होती, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, पकडली गेली म्हणून गप्प आहे. आणि मग माझी जीभ सुटली.

“हमादीच्या हातून तीस वर्षांत एक खपली उडाली नाही, आणि तू पाच वर्षांत आमचं नाव लगद्यात घातलंस? मासे सोलणाऱ्यांच्या घरातून आणली तुला, लोखंडाची लाज कुठून असणार!”

हाजसमोर बोलले मी हे. खमैससमोर बोलले. लिहिताना हात जड होतोय, पण बोलले ते बोलले.

एम्नाने हातमोजे टेबलावर ठेवले. गळ्यातली लेसरच्या खोलीची किल्ली काढून त्या खपलीशेजारी ठेवली.

“लल्ला, माझं खरं वाटत नसेल तर लोखंडाला विचारा. भट्टीत तापवून तेल काढा आणि लाल रंग मारा. ते माझ्याही बाजूने बोलणार नाही आणि याच्याही.”

दुपारच्या गाडीने ती महरेसला बापाकडे निघून गेली.

स्फाक्स मोठं असेल, पण घाणेवाल्यांचं जग केवढंसं. बुधवारी सकाळी बाजारात मला दोघींनी विचारलं, “तुमच्या सुनेच्या हातचा थर उडतो म्हणे?” दोन दिवसांत ती बातमी अगारेबपासून जबनियानापर्यंत फिरली असणार. म्हणजे आमच्याकडे ती परत आली नाही तर दुसऱ्या कुठल्या दारातही तिला कुणी उभं करणार नव्हतं. जी विद्या तिने एवढी जिवापाड शिकली, ती एका वाक्यात मातीमोल. ते वाक्य निझारचं, आणि त्याच्यावर शिक्का माझा.

हे मला बुधवारी टोचत नव्हतं, खोटं कशाला बोलू. बुधवारी मी रागातच होते, तिच्यावर. टोचायला लागलं ते गुरुवारी.

साफ केलेला आणखी एक स्क्रू थर द्यायचा राहिला होता. निझारला म्हटलं, “दे की. बायको नाही तर काय झालं?”

“कॉम्प्युटर अडलाय, उम्मी.”

थोड्या वेळाने, “भुकटी ओली लागतेय.”

आणखी थोड्या वेळाने, “गॅसचा दाब बरोबर नाही.”

मी काळा चष्मा घातला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. परक्या घरात दिव्याचं बटण चाचपडावं तसा तो कळा दाबत होता. अखेर उजेड पडला. भुकटी भलतीकडेच उडाली आणि पात्यावर एक ओबडधोबड गाठ बसली. त्याने घाबरून यंत्र बंद केलं. कपाळावर घाम, आणि हात पँटला पुसतोय.

“पाच वर्षं काय करत होतास रे या खोलीत?”

“मी गिऱ्हाइकं सांभाळतो.”

आणि मला तो सोमवार आठवला. या दोन हातांनी केलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं, त्या दिवशी तो खरं बोलत असला तर?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली तशी मी खमैसला बोलावलं. “हाजचा स्क्रू काल भट्टीत घातलास ना? काढ बाहेर. लाल रंग मार.”

निझार तिथेच होता. “कशाला वेळ घालवतेस, उम्मी? उडालेला थर दिसतोय की डोळ्यांना.”

“दिसतोय ना? मग अजून नीट बघू.”

तेवढ्यात हाज तिजानीही आला, स्क्रू कधी मिळेल ते विचारायला. मी त्याला खुर्ची दिली. “बसा हाज. त्या दिवशी होतात, आजही असा.”

खमैसने पात्यावर लाल रंग फवारला. मग आम्ही कॉफी घेतली, कारण तो रंग भेगांत, फोडांत उतरायला तेवढा वेळ लागतो. मग खमैसने सगळा रंग पुसून काढला, लोखंड पुन्हा राखाडी झालं. त्यावर त्याने पांढरी भुकटी फवारली, चुन्यासारखी. पातं भिंतीसारखं पांढरं झालं. थरात कुठे फोड असेल तर आत दडलेला लाल रंग त्या पांढऱ्यात फुटून वर येतो.

आला. आधी एक ठिपका. मग पाच-सहा. मग रांगा धरून यायला लागले. बाकी सगळं पातं पांढरंशुभ्र. थर जिथून उडाला होता त्या खड्ड्याच्या कडेला मात्र एक, दोन, तीन, चार लाल पट्टे उमटले. शेजारी शेजारी, पात्याच्या कडेवरून आत उतरलेले.

“या अल्लाह,” हाज म्हणाला. “ही तर बोटं आहेत.”

खमैस वाकला. “पातं मुठीत धरलंय कुणीतरी. थर द्यायच्या आधी. आणि कोरडा हात असता तर एवढं उमटलं नसतं, लल्ला. हा तेलात बुडवलेला हात आहे.”

माझी नजर दाराजवळच्या बुधल्याकडे गेली.

मग मी परत पात्याकडे पाहिलं. तीन बोटं सरळ होती. चौथं, करंगळीचं, टोकाशी बाहेर वळलेलं. निझार नऊ वर्षांचा असताना बदामाच्या झाडावरून पडला होता. हाडवैद्य गावात नव्हता. मीच बोरूच्या काड्या लावून, अंड्याचा पांढरा बलक फासून ते बोट बांधलं. वाकडंच बसलं. ते बोट मी हजारांतून काढीन.

“निझार, इकडे ये. हात ठेव इथे.”

तो भिंतीला टेकून उभा होता. दोन्ही हात खिशात.

“कशाला तमाशा करतेस? हाज बसलेत.”

“हाज बसलेत म्हणूनच. ठेव.”

तो हलला नाही. मी गेले, मनगट धरून त्याचा हात खिशातून ओढला, लहानपणी बाजारात ओढायचे तसा, आणि पात्यावर टेकवला. चार बोटं चार पट्ट्यांवर बसली. करंगळीसुद्धा.

खमैसने मान दुसरीकडे वळवली. हाजने जपमाळ थांबवली.

“बोल,” मी म्हटलं.

हात तसाच पात्यावर ठेवून तो म्हणाला, “हाज रोज फोन करत होते. तिने यंत्रात सगळं बसवून ठेवलंच होतं, फक्त कळ दाबायची. म्हटलं, एकदा आपण करू. एकदा तरी खरंच आपण करू. पण एकटा होतो, उम्मी. भीती वाटली. तू लावतेस ना तेल, म्हणून मी हात बुडवला आणि पातं धरून बिस्मिल्लाह म्हटलं. वाटलं, एवढा मोठा उजेड, जळून जाईल तेल.”

खरं सांगते, तेवढ्यापुरती मी विरघळले. बदामाच्या झाडाखाली करंगळी धरून बसलेला पोरगाच दिसला मला. तिथे तो थांबला असता तर मीही थांबले असते.

पण तो थांबला नाही.

“आणि एवढं काय माझ्यावर धावून येताय सगळे? तेलाचा बुधला दारात कुणी ठेवलाय? तूच ना? आणि तिला एवढी काळजी होती तर खोलीला कुलूप का नाही लावलं तिने?”

बायको झाली, आता आई. बोट पुन्हा फिरलं होतं, त्याच पात्यावरून उचललेलं, अजून लाल असलेलं.

मी आधी कोनाड्याकडे गेले. बुधला उचलला आणि दाराबाहेर, पायरीपलीकडे नेऊन ठेवला. माझा वाटा मी घेतला. मग परत आले, टेबलावरची किल्ली उचलली आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

“आता ऐक, निझार. हाज, तुम्हीही ऐका, कारण माझी जीभ तुमच्यासमोर सुटली होती. तू तेल लावलंस, ती चूक. घाबरून लावलंस, ती मी माफ केली. तसला थर घासून काढता येतो, खमैस उद्या काढेल. पण बोटं खिशात घालून तू दिवसचे दिवस फिरलास आणि बायकोची अब्रू वेशीवर टांगून ठेवलीस, ते कुठल्या दगडाने घासून निघणार? ही किल्ली एम्नाची. ती आली तर ही खोली तिची, दारावर नाव तिचं, आणि आत पाऊल टाकायचं तर तू तिला विचारून टाकशील. ती नाही आली तर यंत्र बंद, चढू दे गंज. आता हा स्क्रू गाडीत चढव. असाच, लाल बोटांसकट. पुसलास तर माझ्याशी गाठ आहे. महरेसला जायचं, आत्ता, बंदरावरून होड्या परततात आणि सगळं गाव रस्त्यावर असतं त्या वेळेला. तिच्या बापाच्या दारात गाडी लावायची, पात्यावर हात ठेवायचा आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘हे मी केलं.’ जन्मभर तेच म्हणत आलास ना? एकदा खरं म्हण. मी तुझ्या शेजारी उभी असेन, मलाही त्या पोरीशी बोलायचं आहे. पण आधी तू.”